चौथ्या डबीवरचा हार

सांगली,
२९ ऑक्टोबर २०२५

नाथाजीकाका यांस,
शरयूचा नमस्कार.

कवठे महांकाळला घरी सगळे बरे असतील. इकडे ठीक आहे. जोतीरामच्या पायाचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. गोदामात हळदीची पोती पुन्हा छताला टेकली आहेत. थप्पी तुमच्यासारखी सरळ लागत नाही.

बिनड्रायव्हरची गाडी परवा पुन्हा सुरू केली. भिंतींवरच्या चारही डब्या उतरवून दीड हात वर लावल्या. दिवसभर शिडीवर होते. खांदे भरून आले आहेत. तुम्ही विचारायचात, ह्या डब्या करतात काय. माणसाला ऐकू येत नाही असा आवाज काढतात. त्यावरून गाडीला आपण कुठे आहोत ते कळतं. एका डबीचा आवाज अडला की गाडी चुकीची जागा खरी धरून चालत राहते.

फोन तीनदा लावला. तुम्ही "कोण हाय?" म्हणालात की ठेवून दिला.

खंडेनवमीला तुम्ही पोती ओढायचे आकडे, वजनकाटा, गाडी, सगळं ओळीनं पुजलंत. मग शिडी घेऊन आलात.

"ताई, डब्यास्नी बी हार घालू का? आता ह्ये बी आमच्याच टोळीतलं."

"घाला की," मी म्हणाले. "बिनतक्रार गडी आहेत."

"आन् बिनतंबाखूचं!"

सगळे हसले. मीही.

दसरा झाल्यावर काम सुरू झालं. चौथ्या डबीवरचा हार घसरून तिच्या तोंडावर आला होता. मी बघितलं नाही. गाडी थप्पीत शिरली. पोती जोतीरामच्या पायावर आली.

अहवालात मी लिहिलं, कामगारांनी न विचारता उपकरण झाकले. ते वाक्य नसतं तर माझी नोकरी गेली असती. गेली तुमची. मालकांनी ते वाचून दाखवलं तेव्हा मी तिथेच उभी होते. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. तेवीस वर्षं टोळीचे मुकादम. आकडा पिशवीत टाकलात आणि निघालात.

तुम्ही विचारलं होतंत. आज तेवढंच लिहून मालकांना दिलं, आमच्या गाडीवाल्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसलाही पाठवलं. नक्कल सोबत आहे. मालक "बघू" म्हणाले. माझं काय ते पुणं ठरवेल.

पत्र तुमची नात वाचून दाखवेल. सृष्टी, आजोबांना वाचताना यातलं काही गाळू नकोस.

डबीवरची फुलं काढली. दोरा राहिला आहे.

"घाला की" म्हणालेली,
शरयू