कुर्लीच्या पाठीवरचा ठिपका

देवरूखजवळचा सडा

आईस शमिकाचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवतेही. बाबांची रात्रपाळी संपली का?

राहीला सांग, तिची लाल नेलपॉलिश मीच आणलीय. इथे कातळावरच्या कुर्ल्या मोजते. पकडायची, पाठीवर ठिपका द्यायचा, सोडायची. आठवड्याने तिथेच पुन्हा पकडायच्या. त्यात ठिपकेवाल्या थोड्याच निघाल्या, तर एकूण कुर्ल्या खूप, असा हिशेब. घरमालकीण काकू हसतात, "रंगवून सोडतेस कशाला गो? कालवण कर!" दिवसभरात माझ्याशी बोलणाऱ्या त्या एकट्याच.

या खेपेस ठिपकेवाली एकही मिळेना. कुर्ल्या वाढल्या म्हणून मी खूश! काल दगडाखाली रिकामं कवच सापडलं, लाल ठिपक्यासकट. वाढताना कुर्ली जुनं कवच टाकते, हे शिकलेली मी, आणि तेच विसरले. माझ्याच कुर्ल्या मी परक्या समजून मोजत होते.

निघताना एवढ्या मोठ्या मुलीच्या कानामागे तू तीट लावलीस. ती पहिल्याच आंघोळीत गेली. केसही कापलेत मी, अगदी आखूड. रागावू नकोस.

गणपतीला येईन. दारातच ओळखशील ना मला?

तुझीच,
शमिका