दरवर्षीची पाणमांजरं

शुक्रवार, ७ मार्च

आलेच शेवटी. हट्टानं. आमचे हे दरवर्षी चार दिवस एकटेच या जंगलातल्या तंबूत येतात — पाणमांजरं बघायला म्हणे. आजवर एक फोटो नाही. "कॅमेऱ्यात येत नाहीत गं ती." बरं. यंदा म्हटलं, मलाही बघू दे कशी दिसते ती. पाणमांजर का आणखी कोणी!

ह्यांचा चेहरा पडला. मी बघितलं.

नणंदेला घरी बोलावून सासूबाईंना तिच्याकडे सोपवलंय. गोळ्या, पथ्य, रात्रीच्या हाका, सगळं सांगून आले. तरी जीव तिकडेच. फोनला रेंज टेकडीवर चढल्याशिवाय नाही. चढले.

शनिवार, ८ मार्च

नदीकाठी फळ्यांची खोली आहे. भोकातून पाण्याकडे बघत गप्प बसायचं. ह्यांना तिकडची वाटच सापडेना! दरवर्षी येणारा माणूस. पाटी वाचत मीच नेलं.

बसवत नव्हतं. पाय सारखा हलत होता. शेजारच्या दुर्बीणवाल्यानं डोळे वटारले. आईंनी खाल्लं असेल का? पाणमांजर नाहीच.

तंबूंच्या मालकीणबाईंना विचारायला गेले — परत फिरले.

रविवार, ९ मार्च

विचारलंच. "दरवर्षी ह्यांच्याबरोबर कोण असतं?"

बाई हसल्या. "काकांबरोबर? कोणी नाही हो. नदीवरसुद्धा जात नाहीत. तंबूत शिरले की झोपतात. जेवायला उठवावं लागतं."

दुसरी बाई नाही. जीव भांड्यात पडला — तंबूपर्यंत पोचेस्तोवर. मग डोकं फिरलं. आई रात्री हाका मारतात तेव्हा उठतं कोण? मी. हे कूस बदलतात. आणि झोप काढायला इथे येतात हे!

तोंडावर म्हटलं तसं. खाली बघत म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस."

नसतंच दिलं.

सोमवार, १० मार्च

ह्यांच्यासमोर बसवेना. एकटीच नदीवर गेले. फळीला डोकं टेकवलं. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. दुर्बीणवाला हळूच म्हणाला, "काकू, समोरून जोडी गेली. हलवलं तुम्हाला, उठला नाहीत."

अशी झोप कधी लागली होती, आठवेना. तिथेच रडू आलं.

मंगळवार, ११ मार्च

आज निघायचं होतं. हे निघाले. मी आणखी चार दिवस राहतेय.

गाडीची काच खाली करून विचारत होते, आईच्या गोळ्या कुठे असतात. म्हटलं, सापडतील.