माहिती नावाची खाण

ओरुरो, शनिवार सकाळ

प्रिय साटुर्निनाताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, दाजींचा गुडघा कोचाबांबाच्या उन्हात जरा सैल झाला असेल आणि तुझी ती चावरी कोंबडी अजून जिवंत असेल, असं धरून चालतो. (मेली असल्यास कळव, तिच्याविषयी बोललेलं सगळं मागे घेईन.) स्वयंपाकघराच्या फुटक्या खिडकीला अजून आपल्या बाबांच्या छातीचा एक्स-रेच लावलाय का? दाजींना माझ्या वतीनं विचार, पंधरा वर्षांत माणसाच्या हातून एक काच बसवून होत नाही? आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. म्हणजे ठीक नाही आहोत. फोन केला असता, पण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच ओरडतेस आणि मग दुसरं वाक्य माझ्या ध्यानात राहत नाही. म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, बरोबर लामाचं सुकं मांस आहे. बसून वाच.

ताई, आपल्या योवानानं खाण निवडली. हो, खाणच. माझी एकुलती एक लेक, तुझी भाची, जिला तू बाप्तिस्म्याला चर्चमध्ये पाण्याखाली धरलंस आणि तिनं तुझ्या नव्या शालीवर ओकारी काढली, ती. मी वाचलं आणि मटकन खाली बसलो, तेही तुझ्या भावजयीनं, बासिलियानं वाळत घातलेल्या बटाट्यांवर. तुला आठवतं ना, बाबांना मातीत ठेवलं त्या दिवशी? धुळीनं त्यांची फुप्फुसं दगड झाली होती, शेवटचे दोन महिने ते बसूनच झोपायचे. त्यांच्या हेल्मेटवर हात ठेवून आपण दोघांनी शपथ घेतली, की या घरातलं एकही पोर यापुढे बोगद्यात पाय टाकणार नाही. मी स्वतः त्या वेळी आधीच आत होतो, म्हणून मला सूट. पण योवानाला मी खाणीचं तोंडसुद्धा लांबून दाखवलं. काँप्युटरला घातली, ती शिकली, मग आणखी शिकली, आता ला पासला माहिती प्रणाली की काय त्याची मोठी पदवी करतेय. आणि एवढं करून अखेर खाण! खाण तशी माती म्हणतात, ते बहुतेक आमच्यासाठीच म्हणून ठेवलंय.

झालं असं. गेल्या रविवारी ती घरी आली होती आणि जाताना सही केलेला एक कागद टेबलावर विसरली. मंगळवारी फोन आला, की पप्पा, तो सकाळच्या बसनं पाठवून द्या, बुधवारी दुपारी बाराला मुदत संपते. मी कागद उचलला. वाचायचा नव्हता. (बासिलिया म्हणते, वाचायचाच होता.) वर छापलेलं की विशेष अभ्यासासाठी खालीलपैकी एक शाखा निवडा, खाली सहा चौकोन, आणि पोरीची फुली कुठे? 'माहितीचं खाणकाम.'

तू म्हणशील, अरे गाढवा, आधीचा शब्द वाच की. वाचला. पण ताई, खाणीच्या नावावर जायचं असतं का? मी 'समाधान' नावाच्या खाणीत एकवीस वर्षं काढली, तिथे समाधान कुणी पाहिलं? डोन नातालियोचे पुढचे दोन दात 'पवित्र माता' खाणीत गेले. तेव्हा 'माहिती' नावाची एखादी नवी खाण निघाली असेल, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. खात्री करावी म्हणून निवृत्त खाणकामगारांच्या हॉलवर गेलो. डोन नातालियो म्हणाले, पोतोसीच्या पलीकडे आहे, परदेशी लोकांनी घेतलीय. दुसरा म्हणाला, नाही, चिलीच्या हद्दीला. आणि डोन ग्रेगोरियो (ज्यांना गेल्या वर्षी स्वतःची टोपी डोक्यावर असताना सापडत नव्हती) शांतपणे म्हणाले, "माहिती? अरे, मी होतो ना तिथे दोन वर्षं. गुडघाभर पाणी आणि मुकादम हरामखोर!" आता यापुढे मला आणखी काय पुरावा हवा होता? शिवाय बाई आत शिरली की शिशाची काय, कथलाची शीरसुद्धा रुसून लपते, हे खाणीचा धनी म्हणून आत बसवलेल्या शिंगवाल्या मातीच्या काकाला विचार. म्हणजे पोरगी तर जाणारच, वर खाणही बुडवणार.

मी बसनं कागद पाठवला नाही. कागद घेऊन स्वतः बसमध्ये बसलो. नातालियो आणि ग्रेगोरियो म्हणाले, एकट्यानं मागणी करायची नसते, म्हणून तेही आले. आणि मागणी म्हटली की हेल्मेट आलं, ते काही सांगावं लागत नाही. तिघं म्हातारे डोक्यावर तपकिरी हेल्मेट घालून विद्यापीठाच्या दारात उभे राहिलो, आणि तुला ठाऊकच आहे, या देशात हेल्मेटवाले दारात आले की लोक आधी कान झाकतात. पहारेकऱ्यानं माझ्या पिशवीकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "काका, सुरुंग आहेत का हो?" मी म्हटलं, उकडलेल्या शेंगा आणि चीज आहे. त्याचा विश्वास बसला नाही. पण वाट सोडली.

वर खिडकीपाशी चाळीसेक मुलांची रांग होती, ती दोन मिनिटांत विरघळली. सेक्रेटरीबाई उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, आपली मागणी काय? मी म्हटलं, "माझ्या मुलीला खाणीतून बाहेर काढा." नातालियोनं मागून घोषणा दिली. बाईंनी कागद पाहिला, मला पाहिलं, पिशवीला पाहिलं, आणि म्हणाल्या, फुली बदलता येते, शेजारी शिक्का मारला की झालं. मग त्यांनी बाकीचे पाच चौकोन वाचून दाखवले. चौथ्याला मी टेबलावर हात आपटला. 'सुरक्षा'! ताई, मी पाच वर्षं संघटनेचा सुरक्षा प्रतिनिधी होतो. दोर तपासायचे, दिवे तपासायचे, वर सहाव्या पातळीवर माणसं किती आणि खाली किती उतरली ते पाहायचं. याहून चांगलं काम मुलीला कुठलं मिळणार? मी माझ्या हातानं खाणीवर काट मारली, सुरक्षेवर फुली केली, ठप्प शिक्का बसला. बारा वाजायला दहा मिनिटं होती. येताना आम्ही तिघांनी बसमध्ये गाणी म्हटली.

काल योवाना आली. मला वाटलं, गळ्यात पडेल. तिनं बॅग खाली ठेवली आणि मला विचारलं, "पप्पा, माझी आजी काय काम करायची?"

आता हा काय प्रश्न झाला? तूही आईच्या शेजारी बसायचीस. आपली आई खाणीबाहेरच्या दगडांच्या ढिगावर बसून हातोडीनं टाकाऊ दगड फोडायची आणि त्यातून कथलाचा कण कण वेचायची. आतल्या पुरुषांनी फेकलेलं. बोटं फुटायची, पण आईनं वेचलेल्यात कधी खोट निघाली नाही.

"मी तेच करणार होते," योवाना म्हणाली. "फक्त ढीग कागदांचा आहे."

मग ताई, तिनं सगळं सांगितलं. खाणीत कुणी उतरत नाही. हेल्मेट लागत नाही. खाणीच्या जुन्या दवाखान्याच्या तळघरात चाळीस वर्षांच्या वह्या पडल्या आहेत, कोण कुठल्या पातळीवर किती वर्षं होता, कुणाची छाती कधी तपासली. त्या सगळ्या यंत्रात घालून, कुठल्या बोगद्यानं माणसं आधी मारली ते ती हुडकून काढणार होती. आपल्या बाबांसाठी. मी शपथ पाळली आणि बाबांच्याच कामावर काट मारली. मला तर हेसुद्धा ठाऊक नव्हतं की तिला ते एवढे आठवतात. ती सात वर्षांची होती. तिला त्यांचा चेहरा आठवत नाही म्हणाली, खोकला आठवतो.

"आणि सुरक्षा म्हणजे?" मी विचारलं. म्हणाली, काँप्युटरला कुलपं लावायची. "तुम्हाला सुरक्षा हवी होती ना पप्पा? आता मी जन्मभर कुलपं लावत बसेन." एवढं बोलून ती आतल्या खोलीत गेली आणि अजून माझ्याशी बोललेली नाही. तिच्या आईशी बोलते. मांजराशी बोलते. ग्रेगोरियो सकाळी चौकशीला आले तर त्यांच्याशीसुद्धा बोलली, आणि ते म्हणाले, मी आधीच सांगत होतो, तिथला मुकादम हरामखोर.

इतकं सगळं कळवायचं होतं. मला तुझ्याकडून काही नको. फक्त चिडू नकोस, आणि दाजींना सांभाळ.

तुझा मूर्ख भाऊ,
सेनोबियो

ता. क. : मांस नीट भिजवल्याशिवाय शिजवू नकोस. मागच्या वेळी दाजींची दाढ पडली आणि नाव माझं झालं.

ता. क. : एक राहिलं. मी त्या सेक्रेटरीबाईंना फोन केला. (हेल्मेट काढून केला.) त्या म्हणाल्या, चूक सुधारता येईल, पण पुढच्या बुधवारी बारापर्यंत, आणि मुलीला आपल्या विषयासाठी हाती काय आहे ते दाखवावं लागेल. शपथ आपण दोघांनी घेतली होती, म्हणून तुझ्याही परवानगीशिवाय मी पुन्हा फुली करणार नाही. कागदावर 'खाण चालेल' एवढे दोन शब्द लिहून पाठव. योवानाला तुझं अक्षर दिसलं तर ती माझ्याशीही बोलेल असं वाटतं.

ता. क. : ताई, तुझ्यापासून लपवत होतो, पण सांगतो. दवाखान्याच्या वह्यांतली पहिली वही योवानानं सोबत आणली आहे. मघाशी दार उघडं होतं म्हणून मी पाहिली. बाबांचं नाव आहे, सुंदर अक्षरात. वारले त्याच्या तीन महिने आधीची तारीख, आणि पुढे लिहिलंय: 'फुप्फुसं निरोगी, कामास योग्य.' खाली सगळ्यांपुढे तेच लिहिलंय, ताई. पूर्ण पान. योवाना बासिलियाला सांगत होती, वह्या इतक्या निरोगी आहेत की एक तरी खरी छाती समोर ठेवल्याशिवाय कुणी तिचं ऐकणार नाही.

खिडकीला लावलेला एक्स-रे हळूच काढ. चिकटपट्टी ओढू नकोस, पाण्यानं सोडव. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून याच ड्रायव्हरच्या हाती दे. काच मी पाठवतो, माप कळव.