आचलच्या गालावरचा डाग

वहिनी,

आचलच्या डाव्या गालावरचा काळा डाग आज सकाळी पट्टीनं मोजला. बावीस मिलिमीटर. तीन आठवड्यांत तो तसूभरही कमी झालेला नाही. तिला घेऊन अमरावतीला त्वचेच्या डॉक्टरांकडे जाते आहे. तुम्ही रिद्धपूरहून याल तेव्हा वरण तयार असेल, भात तेवढा लावून घ्या.

तुम्ही तिला रोज रागावता, "काहून फिरली वो उन्हातानात?" वहिनी, ती उन्हात फिरलीच नव्हती. पाहुणे तिला पाहायला यायच्या आत मुरुमांचे खड्डे भरून यावेत म्हणून मीच तिच्या चेहऱ्याला वरची कातडी सोलायचं ग्लायकोलिक ॲसिड लावलं. सत्तर टक्क्यांचं होतं, ते पातळ करून वीसवर आणलं. रसायनशास्त्र शिकवते मी, प्रमाण चुकलं नाही. पण चौथ्या मिनिटाला ती म्हणाली, "आत्या, लय झोंबून राह्यलं." मी घड्याळाकडे पाहून म्हटलं, "थांब, अजून दोन मिनिटं."

मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं होतं, घरी काही लावलं का? तिनं तोंड उघडायच्या आधी मीच 'नाही' म्हटलं. आज ते लेझर करणार आहेत. खरं न कळता केलं, तर पोळलेली कातडी पुन्हा पोळेल.

आत्ता ती दारात चप्पल घालता घालता विचारते आहे, "आत्या, डॉक्टरले काय सांगायचं?"

मी म्हटलं, "तू काही सांगू नको. ॲसिड मी लावलं, हे मीच सांगते. आधी डॉक्टरांना, मग संध्याकाळी तुझ्या बाबांना."