मागच्या फाटकाचं कुलूप

नागापूर,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय केविनदादा,

सलाम. इकडे सगळं ठीक. थंडी पडू लागली आहे. आई बरी आहे, तुझी आठवण काढते. वहिनीला आणि मुलांना सलाम सांग.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते आहे. हंगामाच्या सणाला चर्चच्या मांडवात वायर जळून धूर झाला, हे मी कळवलं तेव्हा तू पहिलं वाक्य काय बोललास? "मी आधीच सांगितलं होतं." आईचं नंतर विचारलंस.

सांगितलं होतंस, खरं आहे. कंपन्यांना सुरक्षेचे सल्ले देणारा आपला माणूस म्हणून चर्चच्या पंचांनी सणाआधी तुला कौतुकाने बोलावलं. तू सगळीकडे फिरलास, फोटो काढलेस. लोकांनी देवाला वाहिलेल्या, लिलावाच्या बकऱ्या-कोंबड्या पळू नयेत म्हणून आपण सणाला मागच्या फाटकाला कुलूप घालतो, तेच सगळ्यात धोक्याचं म्हणालास. पंचांनी माना डोलावल्या. तू चहा घेतलास आणि पुण्याला निघून गेलास.

मग त्या कुलपाचं काय? बकऱ्या दुसरीकडे कुठे बांधायच्या, फाटकापाशी कोण उभं राहणार, एकालाही काम लावून दिलं नाहीस. नंतर एक फोनसुद्धा केला नाहीस. धोका ओळखणं वेगळं आणि त्याचा बंदोबस्त करणं वेगळं, हे तू पगार घेऊन लोकांना शिकवतोस ना रे? पंच म्हणत राहिले, केविन बघून गेलाय, आता काळजी नाही. तू आलास आणि सगळे उलट निर्धास्त झाले. किल्ली बन्सीमामांच्या खिशात, आणि मामा पार पुढे लिलाव पुकारत होते. फाटकाशी माणसं चेंगरली. त्यांत आई होती.

पंचांशीही भांडले मी, चांगली कडाडून भांडले. पण ते माझे भाऊ नाहीत.

आई बरी आहे असं वर लिहिलं ते सवयीने. खुब्याचं ऑपरेशन झालं एवढंच तुला माहीत आहे. काल डॉक्टर म्हणाले, यापुढे ती आधाराशिवाय चालणार नाही. हे मला फोनवर सांगवेना.

आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती पडल्या पडल्या काय सांगते, ठाऊक आहे? "माझ्या केविननं आधीच सांगितलं हुतं. लई हुशार हाय त्यो." अभिमानाने सांगते. मी खोलीबाहेर निघून जाते.

तू ये. तिच्या खाटेशेजारी बसून हे तू ऐक.

अजून तरी तुझीच बहीण,
एस्तेर