तळ्याची माती तळ्याला

मी, हरषित जलधर समद्दार, वय सदुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार वसाहत क्रमांक अडतीस, जिल्हा मलकानगिरी, ओडिशा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या दबावाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, गुडघे गेले आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. ते नसतं तर बरं झालं असतं, कारण पुढे जे लिहायचं आहे ते विसरलेल्या माणसाला सोपं गेलं असतं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एक कादंबरी आणि तीन कथासंग्रह माझ्या नावावर आहेत, पण त्यांतलं काहीही माझा शेवटचा शब्द मानू नये.

कलम १. शेती. सरकारने वडिलांना दिलेली व वारसाने माझ्याकडे आलेली साडेचार एकर जमीन मुलगा पुलक यास. तो बंगळुरूला नोकरी करतो, नांगर धरणार नाही हे मला ठाऊक आहे. त्याने ती खंडाने द्यावी किंवा विकावी. अट एकच, बांधाखालचा तुकडा शेजारी ऊंगा मडकामी याला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाला देऊ नये. तो बांध ऊंगाच्या बापाने आम्हाला घालून दिला.

आम्ही पूर्व बंगालमधल्या बरिशालहून निर्वासित होऊन इथे आलो तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमच्याकडे घर बांधायचं म्हणजे आधी तळं खोदायचं, त्याच्या मातीचा उंच ओटा करायचा आणि ओट्यावर घर. पूर आला तरी घर वर राहतं, मासे दारात येतात. इथल्या लाल मुरमाडावर पूर सोडाच, चैत्रात विहिरीला पाणी नसतं. तरी वडिलांनी पहिलं काम तेच केलं. गावातल्या चाळीसही कुटुंबांनी तेच केलं. ऊंगाचा बाप खांद्यावर कुऱ्हाड टाकून दोन दिवस नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "अरं, हितं खड्ड्यात पाणी ऱ्हात न्हाई. उताराला बांध घाला, आडवा त्याला." वडील खो खो हसले. "ऐका! नदीच्या माणसांना हा जंगलातला गडी पाणी शिकवतोय." माघ संपायच्या आत चाळीसही तळी कोरडी पडली. बाकीच्यांनी ती हळूहळू बुजवली. आमचं मात्र वडिलांनी आणखी दोनदा आणि मी एकदा खोदलं. खड्डा वाढला, ओटा वाढला, पाणी वाढलं नाही.

कलम २. हत्यारं व होडी. वडील होड्या बांधायचे. त्यांचा वाकस, पटाशा आणि दोन रंधे ऊंगा मडकामी यास. इतकी वर्षं तो ती मागून नेतो आणि धार लावून परत आणतो, ही गोष्ट माझ्या नातेवाइकांपैकी एकालाही जमली नाही. वडिलांनी इथे सालाच्या लाकडाची एक होडी बांधली होती. तिच्यात आम्ही भात साठवायचो. पत्नी सुरधुनी म्हणायची, "लोकांकडे कणगी असते, आमच्याकडे होडी." ती होडी एकदाच पाण्यात गेली, त्याविषयी पुढे येईल. तिच्या फळ्या माझ्या सरणाला लावाव्यात.

कलम ३. पुस्तकं. सर्व हक्क पुलकला. मात्र नवी आवृत्ती निघाल्यास पहिल्या पानावरचा पत्ता बदलावा, आणि कादंबरीवर पुन्हा चित्रपट काढण्याची परवानगी कोणालाही, कितीही मोठ्या माणसाला, देऊ नये.

चारही पुस्तकांत माझ्या नावाखाली बरिशालमधल्या गावाचा पत्ता आहे. तिथे मी बारा वर्षं काढली, इथे पंचावन्न. सुरधुनीचं नाव गंगेचं, पण ती निर्वासितांच्या छावणीत जन्मली आणि नदी तिने कधी पाहिली नाही. दीड मैलावरून पाणी आणून घागर उतरवताना ती म्हणायची, "तुमच्या कादंबरीत पान उलटलं की पाणी. त्यातलं थोडं इकडं ओता की." कधी चिडली की म्हणायची, "आपल्या गावावर एक पान लिहा ना. आकड्याच्या गावाला गोष्ट नसते का?" मी म्हणायचो, इथे आहे काय? मोह, मुरूम आणि मलेरिया.

खरं कारण वेगळं होतं. कोलकात्याच्या वाचकाला निर्वासित आवडायचा तो पाण्याकडे बघत उभा असलेला. पुस्तकात तसाच, पडद्यावरही तसाच. मोहाची फुलं वेचणारा, नाचणीची आंबील पिणारा, रेशनच्या रांगेत ओडियात कडाकडा भांडणारा निर्वासित कोणाला नको होता. मलाही नको होता. एका समीक्षकाने लिहिलं, "समद्दारांच्या रक्तात नदी वाहते." ते वाक्य मी चौकटीत घालून भिंतीवर टांगलं होतं. त्या गृहस्थांना माझ्याकडून काहीही देऊ नये. चूक त्यांची थोडी, टांगणाऱ्याची जास्त.

कलम ४. घर व तळं. कोलकात्याच्या एका साहित्य मंडळाला हे घर स्मारक म्हणून हवं आहे. तळ्याला सिमेंटचं अस्तर लावून त्यात बोअरचं पाणी बारमाही ठेवणार, असं पत्रात आहे. मंडळाने पुलकलाही विचारलं. तो मला फोनवर म्हणाला, "तुम्हाला वाटेल ते करा, बाबा. त्या तळ्याबद्दल बोलायचा मला काय हक्क?" त्याच्या या एका वाक्यामुळे मी लिहायला बसलो आहे.

एक्क्याण्णव सालच्या फाल्गुनात माझ्या कादंबरीवरचा चित्रपट काढायला मंडळी आली. दिग्दर्शकाला खऱ्या निर्वासितांचं खरं गाव हवं होतं, पण त्यात पाणी हवं होतं. चार दिवस टँकर ओतून त्यांनी आमचं तळं भरलं. मागचे उघडे डोंगर दिसू नयेत म्हणून कॅमेरा जमिनीलगत ठेवला. भरलेलं तळं पाहून मी लहान मुलासारखा रडलो. होडी पाण्यात सोडली.

माझी मुलगी सुगंधा तेव्हा नऊ वर्षांची होती. बरिशालच्या आमच्या गावाशेजारच्या नदीचं नाव मी तिला दिलं होतं. तिने होडीतून उडी मारून काठावर यायचं, एवढंच दृश्य होतं. सुरधुनी शाळेत सगळ्यांची खिचडी रांधत होती. तेरा वर्षांच्या पुलकला तिने बजावलं होतं, "बहिणीवर नजर ठेव, हलू नकोस तिथून." तो हलला, कारण मी त्याला चुरमुरे आणायला दुकानात पिटाळलं. पाहुण्यांपुढे मोकळ्या हाताने बसायचं मला बरं वाटेना.

दिग्दर्शकाने विचारलं, "मास्तरमोशाय, हिला पोहता येतं ना?"

मी म्हणालो, "आमच्या पोरांना पोहायला शिकवावं लागत नाही, बाबू. ती पाण्यातूनच येतात."

हे कादंबरीतलं वाक्य आहे, पान सतरा. माझ्या मुलीने तोवर गुडघ्याच्या वर पाणी पाहिलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून तिने माझ्या तोंडून सगळ्या नदीच्याच गोष्टी ऐकल्या होत्या. ती म्हणाली, "बाबा, मला येतंच ना?" आणि मी मान हलवली.

तिने छान उडी मारली. मग ती हात हलवू लागली. काठावर तीस माणसं होती, सगळ्यांना ते काम वाटलं. मलाही वाटलं. मला पोहता येत होतं. मी उभा राहून कौतुकाने बघत होतो. पाण्यात उतरला तो ऊंगा, ज्याला पोहता येत नाही. गळ्यापर्यंतच्या पाण्यात, चिखलात पाय रुतवत तो गेला आणि तिला घेऊन आला. तोवर उशीर झाला होता.

पोलिसांच्या कागदावर "पाय घसरून" असं आहे. ते मी सांगितलं. दिग्दर्शकालाही ते सोयीचंच होतं. एका वर्तमानपत्राने छापलं की नदीच्या लेकराने नदीकडे धाव घेतली. ते टँकरचं पाणी होतं. चित्रपट दुसरीकडे, दुसरी मुलगी घेऊन पुरा झाला. सुरधुनीने तो एकदाच पाहिला. बाहेर येऊन म्हणाली, "यात आपलं गाव कुठंय?"

पुलक चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन आला तेव्हा सुरधुनीने त्याचे दोन्ही खांदे धरून विचारलं होतं, "तू कुठं होतास?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसू लागलो. त्याने खाली मान घातली आणि माझं नाव सांगितलं नाही. पुढे कितीतरी वर्षं ती मध्येच हातातलं काम टाकून त्याला तेच विचारायची, आणि तो तसाच उभा राहायचा. अठराव्या वर्षी तो घर सोडून गेला. सुरधुनी पाच वर्षांपूर्वी वारली, तोवर हे तिला कळलं नाही. मी कळू दिलं नाही.

ती सतत एकच मागायची, "ते तळं बुजवा." मी म्हणायचो, माती कुठून आणू, सगळी आपल्या घराखाली आहे. ती म्हणायची, "मग घर पाडा."

म्हणून माझी आज्ञा अशी. मंडळाला नकार कळवावा. माझ्या तेराव्यानंतर घर उतरवावं आणि ओट्याची माती, शेवटच्या पाटीपर्यंत, तळ्यात घालावी. ऊंगाने माणसं आणि बैल आणायचं कबूल केलं आहे. त्याला हे वाचून दाखवलं तेव्हा तो उठून ओटा पावलांनी मोजून आला. मग म्हणाला, "बापानं सांगितलं व्हतं, मास्तर. पर तुमी लोक वाचल्याबिगर ऐकत न्हाई." जागा सपाट झाल्यावर तिथे नावाचा फलक, पुतळा, काहीही लावू नये. मोह आपला आपण उगवतो.

कलम ५. अस्थी. त्या कोणत्याही नदीत सोडू नयेत, बरिशालला तर मुळीच नेऊ नयेत. बुजवताना त्याच मातीत टाकाव्यात.

कलम ६. पुलकसाठी. मृत्युपत्रात द्यायचं असतं. या कलमात मी परत घेतो आहे. "तू कुठं होतास" हा प्रश्न तुझा नव्हता, पुलक. तू मी पाठवलं तिथे होतास. प्रश्न माझा होता, आणि मी तेरा वर्षांच्या पोराच्या अंगावर तो ढकलून अठ्ठावीस वर्षं पुस्तकं लिहीत बसलो. आजपासून तो माझ्या नावावर करावा. तुला हे तोंडाने सांगायचा धीर मला कधी झाला नाही. फोन तीनदा उचलला आणि हवापाण्याचं बोललो. माफी मागायची माझी लायकी नाही, तरी मागतो. मातीची पहिली पाटी तू टाक.

वरील मजकूर वाचून, समजून हरषित जलधर समद्दार यांनी आमच्यासमोर सही केली आहे, याचे साक्षीदार :

१. दीनबंधू हालदार, निवृत्त मुख्याध्यापक (सही)
२. तुळसा खिलो, अंगणवाडी सेविका (सही)

ऊंगाला या पत्राने हत्यारं मिळत असल्यामुळे त्याला साक्षीदार केलेलं नाही. जे त्याने पाहिलं त्याचा तो साक्षीदार आहेच.

हरषित जलधर समद्दार (सही)

तारीख : ९ मार्च २०१९
ठिकाण : वसाहत क्रमांक अडतीस. माझं गाव.