नकारानंतरची मैत्रीण

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

पोहे आईने केले होते. मी तेच सांगितलं. त्यात चुकलं काय!

आज अमळनेरहून पाहुणे आले होते, मला बघायला. मुलगा जितेंद्र, पतसंस्थेत नोकरीला. त्याची आई कोकिळाकाकू. धाकटी बहीण मयुरी. काकूंनी विचारलं, "पोहे तू केलेत का बेटा?" आई त्यांच्या मागे उभी राहून खुणा करत होती. पण आईच्या खुणा मला कधीच कळत नाहीत — हो म्हणू की नाही म्हणू? म्हणून खरं होतं ते बोलले. "आईने केलेत. मलाही येतात, पण घरात माणसं आली की माझं मीठ चुकतं."

पप्पा खोकले. आई खाली बघायला लागली. आणि मयुरी अशी हसली की तिच्या नाकात पोहे गेले.

मग जितेंद्रने विचारलं, काम काय करता? मी केळीच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात असते, ते सांगितलं. नंतर केळी कशी पिकवतात तेही सांगितलं. सगळंच सांगितलं. थांबायचं कुठे ते मला आधी कळत नाही, नंतर कळतं. पण तो ऐकत होता. घड्याळ एकदाही बघितलं नाही त्याने.

नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलेला शब्द मात्र मी काढला नाही. आईने शपथ घातली होती. ऑटिझम. इथे लिहायला हरकत नाही. वही काही पाहुणी नाही.

नंतर मयुरी मागच्या खोलीत आली. "तू नेहमी असं खरंच बोलतेस?" मी म्हटलं, "खोटं लक्षात ठेवावं लागतं. फार दमायला होतं." ती परत हसली. माझा नंबर घेतला.

१० फेब्रुवारी

मयुरीचा मेसेज — 'दादाचं माहीत नाही, मला तू आवडलीस.'

मी लिहिलं, 'बरं.' आता वाटतंय, अजून काहीतरी लिहायला हवं होतं. पण काय?

१३ फेब्रुवारी

नकार आला. मध्यस्थ समाधानभाऊंनी फोनवर सांगितलं — मुलगी चांगली आहे, पण जरा जास्तच मोकळी बोलते. आई स्वयंपाकघरात भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी परत घासत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मिठी मारायला हवी होती का? मला मिठी जमत नाही. मी भांडी पुसली. आई म्हणाली, "तू नको वाईट वाटून घेऊ." मी म्हटलं, मला नाही वाटलं. तेही खरंच होतं. वाईट एवढ्याचंच वाटलं की आता मयुरी मेसेज करणार नाही.

संध्याकाळी तिचा मेसेज. 'आमचे लोक येडे आहेत. तू जेवलीस का?'

२ मार्च, रविवार

मयुरी जळगावला आली! तिला कापड घ्यायचं होतं म्हणे. घेतलं काहीच नाही. आईला मी 'मैत्रिणीला भेटायला जाते' एवढंच सांगितलं. आईने हातातलं काम सोडून माझ्याकडे बघितलं. "कोणाला?" — मैत्रिणीला, म्हटलं. तिने पुढे काही विचारलंच नाही. पटकन पर्स आणून दिली. नाहीतर मयुरीचं नाव मी सांगितलंच असतं. नकार आलेल्या घराशी संबंध ठेवायचे नसतात म्हणे. का नसतात? नकार त्याने दिलाय. तिने नाही.

मेहरूण तलावावर गेलो. फार गर्दी, पोरं, कुठून तरी गाणी. माझं डोकं भणभणायला लागलं. मयुरी बोलतच होती आणि मला शब्द ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता. शेवटी सांगून टाकलं तिला. तो शब्दही सांगितला. वाटलं, आता ही उठेल.

ती म्हणाली, "मग मी काय करायचं अशा वेळी?"

हे मला आजवर कोणीच विचारलेलं नव्हतं. सगळे मला सांगतात — तू असं कर, तू तसं कर. मी म्हटलं, "थोडा वेळ गप्प बसायचं. माझ्याजवळच, पण गप्प." तर ती बसली. भेळ खात. मधेच एकदा माझ्या पुढ्यात भेळ सरकवली, तीही न बोलता. तिला गप्प बसणं किती जड जात होतं ते दिसत होतं! ओठ दाबून धरले होते.

जाताना म्हणाली, "ये ना घरी कधीतरी. कधीही ये."

१६ मार्च, रविवार

आज फार मोठी चूक झाली. नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यातलं थांबेल.

ती 'कधीही ये' म्हणाली होती. मला आज सुट्टी होती. सकाळच्या गाडीने अमळनेरला गेले. पेढे घेतले. फोन केला नाही. कधीही म्हणजे कधीही, असं मला वाटलं!

दार कोकिळाकाकूंनी उघडलं. मला बघून त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मागे बैठकीत माणसं भरलेली. चहाचे कप. काठाची साडी नेसलेली एक मुलगी. जितेंद्रसाठी नवीन स्थळ आलं होतं. मुलीकडचे लोक धुळ्याहून घर बघायला आले होते.

मयुरी धावत आली. "ही माझी मैत्रीण, जळगावची." इथवर ठीक होतं. पण त्या मुलीच्या मावशीने विचारलं, "मैत्री कशी झाली गं, कॉलेजात होता का?" मी म्हटलं, "नाही. जितेंद्र मला बघायला आले होते. फेब्रुवारीत नकार दिला."

मावशीने हातातला कप खाली ठेवला.

म्हणाली, "का गं बाई नकार दिला?" मी म्हटलं, "मी जास्त बोलते म्हणून. आत्ताही बोलतेय. पण ते माणूस म्हणून चांगले आहेत. मी त्यांना केळ्यांचं किती सांगितलं, मधे तोडलं नाही की हसले नाहीत. असं ऐकून घेणारं मला फारसं कोणी भेटलेलं नाही."

जितेंद्रचे कान लाल झाले. काकू दारातूनच म्हणाल्या, "मयुरे, हिले आत ली जाय!" मयुरीने माझा हात घट्ट धरला, आत नेलं आणि मागच्या दाराने गल्लीत सोडलं. म्हणाली, "जा आत्ता. प्लीज जा." तिचा चेहरा मला वाचता आला नाही. राग होता? रडू होतं? दार लागलं.

पेढे माझ्याच हातात राहिले. गाडीत शेजारच्या आजींना दिले.

१७ मार्च

मेसेज नाही.

२१ मार्च

आज आईला सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. ती माझ्या पलंगावर बसली. म्हणाली, "अमळनेरपर्यंत एकटी गेलीस?" हो म्हटलं. "गाडीत गर्दी असेल." होती, म्हटलं. "शाळेत वाढदिवसाला बोलावलं तर कोपऱ्यात लपून बसायचीस तू. आणि आता कोणासाठी तरी आपण होऊन गाडीत बसलीस." तिचे डोळे भरले होते. हे रडणं दुःखाचं नाही, एवढं मला कळलं. तरी खात्री करून घ्यायला विचारलं. नाही म्हणाली.

मग म्हणाली, "तूच का नाही विचारत तिला?"

मी म्हटलं, "चूक माझी. ती बोलेपर्यंत मी कसं बोलू?"

"असा काही नियम नसतो बाळा."

नसतो? मग मला आजवर हे कोणी सांगितलं कसं नाही!

२२ मार्च

सकाळी मेसेज लिहिला, खोडला, परत लिहिला. शेवटी पाठवला — 'तू रागावलीस का? हो की नाही एवढंच लिही. बाकी मला कळत नाही.'

ऑफिसात सकाळभर फोन उलटा ठेवला. जेवणाच्या सुट्टीत सरळ केला.

'नाही. मला लाज वाटते. मी तुला मागच्या दाराने काढलं. मैत्रीण म्हणवते आणि असं करते. तूच माझ्यावर रागावली असशील म्हणून लिहायची हिंमत झाली नाही.'

म्हणजे दोघीही वाटच बघत बसलो होतो! ती माझी, मी तिची. मग ज्यांना माणसं कळतात त्यांना तरी काय कळतं?

मी लिहिलं, 'मी रागावले नाही. पण पुढच्या वेळी कधीही म्हणू नकोस. वार सांग.'

लगेच उत्तर — 'पाडव्याला. रविवार. मीच येते. पुढच्या दाराने.'

३० मार्च, पाडवा

आली. आईने तिला पुरणपोळीवर एवढं तूप वाढलं की पोळी दिसेना. पप्पाही बोलले तिच्याशी. पप्पा पाहुण्यांशी बोलत नाहीत.

दुपारी मागच्या खोलीत तिने सांगितलं, दादाचं जमलं. धुळ्याचीच मुलगी. मी म्हटलं, म्हणजे माझ्यामुळे मोडलं नाही? ती हसायला लागली, थांबेचना. "मोडलं कसलं! त्या मावशीने घरी जाऊन सांगितलं — मुलाकडचे सगळेच आपल्या मुलाची तारीफ करतात. ज्या मुलीला नकार दिला तीच चांगलं सांगतेय, तर मुलगा खरंच चांगला असणार."

"आणि काकू?" मी विचारलं.

"आई अजून गप्प आहे. तुझं नाव निघालं की उठून पाणी भरायला जाते."

मग आम्हीही गप्प बसलो. यावेळी मी सांगितलं नव्हतं. तिलाच बसायचं होतं. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. मला सहसा चालत नाही कोणी टेकलेलं. मी हलले नाही.

११ एप्रिल

उन्हाने ऑफिसच्या लोखंडी दाराला हात लावता येत नाही. मयुरी म्हणते, घरी तिच्याही लग्नाचं बोलणं सुरू झालंय. तिला भीती वाटते. 'कोणी आलं की मी नुसती हसते. सगळ्यालाच हो म्हणते. मग मला काय हवंय तेच मला कळत नाही.' तिला, हं! मला वाटायचं, हे फक्त माझंच आहे.

२० एप्रिल, रविवार

सकाळी फोन. अनोळखी नंबर मी उचलत नाही, आज उचलला. कोकिळाकाकू.

"पुढला रविवारले मयुरीले बघाले पाहुणे येतायत. ती खोलीतून बाहेर यायला तयार नाही. म्हणते, दिपमाला शेजारी बसेल तरच बसेन. तू येशी का, माय?"

मी म्हटलं, "काकू, मला गप्प बसता येत नाही. मुलगा चांगला वाटला नाही तर मी तसं तोंडावर सांगेन."

काकू म्हणाल्या, "म्हणूनच तं बोलवून राहिले."